उर्दू शाळेच्या वर्गात पोळा

श्रावण उतरणीला लागला की मराठीच्या तासाला निबंधाचा विषय ठरलेला असतो : बैलपोळा. उर्दू माध्यमाच्या शाळेतही मराठी शिकवावीच लागते, आणि मराठीत सण आले की पोळा आलाच. मग मुले गाइडमधल्या दहा ओळी पाठ करतात. बैल शेतकऱ्याचा मित्र, शेतकरी त्याला अंघोळ घालतो, पुरणपोळी भरवतो, मला हा सण फार आवडतो, संपला निबंध. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत मिळून आमची वीसेक वर्षे शिकवण्यात गेली. अशा किती वह्या तपासल्या त्याची गणती नाही. वाईट एवढेच वाटते की त्याच वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घराला लागून कुणाचा तरी गोठा असतो. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ ऐकत ती झोपतात आणि वहीत मात्र गाइडमधला बैल उतरवतात.

दुसऱ्या समाजाचा सण शिकवायची वेळ आली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. एक तर धडा घाईने उरकला जातो. 'हे त्यांचे आहे' असे शिक्षकाने तोंडाने म्हटले नाही तरी मुलांना ते कळते. किंवा याच्या अगदी उलट घडते. सगळ्यांनी लाकडी बैल आणा, ताट आणा, कुंकू आणा, मोबाइलमध्ये फोटो काढा, अहवाल पाठवा. पहिल्या प्रकारात मूल काहीच शिकत नाही. दुसऱ्यात काहीतरी करून दाखवते, पण समजून घेत नाही, आणि घरी आईबापांच्या मनात एक खडा बसतो तो वेगळाच. आमचे म्हणणे असे की सण करायला लावणे आणि सण समजावून सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेचे काम दुसरे आहे. ते नीट करायचे तर सणाच्या सजावटीपासून नव्हे, त्यामागच्या कामापासून सुरुवात करावी लागते.

पोळ्यामागचे काम आपल्या वऱ्हाडात वेगळे समजावून सांगायला नको. मृगाच्या पावसानंतर तिफण, मग डवरण, पुन्हा डवरण. कपाशी, तूर, सोयाबीन यांच्या ओळींतून बैल महिना-दोन महिने मान वर न करता चालतो. श्रावणाच्या अखेरीस पीक वाढते, ओळीत डवरा शिरेनासा होतो आणि बैलाच्या खांद्यावरचे जू उतरते. पोळा श्रावण अमावास्येला का, याचे निम्मे उत्तर यातच आहे. मुलांना आम्ही हेच आधी विचारतो : जून ते ऑगस्ट या काळात बैलाने काय काय केले? ज्या मुलाचे अब्बू मजुरीला जातात तो पटापट सांगतो. शहरात वाढलेला गप्प बसतो. वर्गात एरवी हुशार ठरणारी मुले या तासाला मागे पडतात आणि मागच्या बाकावरचा एखादा पुढे येतो, हा या धड्याचा आमच्या दृष्टीने मोठा फायदा.

मग सणाकडे वळायचे. आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतात. जुवाने घासून राठ झालेल्या खांद्याला गरम पाण्याचा शेक देतात, हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. त्याच वेळी त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देतात, माणसाला द्यावे तसे, कानाशी बोलून. पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला लावत नाहीत. नदीवर नाहीतर ओढ्यावर धुतात. शिंगे रंगवतात, बेगड लावतात, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, वेसण आणि कासरा नवा. संध्याकाळी गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात. मानाची जोडी पुढे. कुणीतरी झडत्या म्हणतो. झडती म्हणजे यमक जुळवून मोठ्याने म्हटलेले बोल. देवाधर्माचे नाव त्यात असते, तसे कपाशीच्या भावाचे, सावकाराचे, सरकारचे उणेदुणेही असते. तोरण सुटले की जोड्या घरोघर जातात, घरची बाई बैलाला ओवाळते, पुरणपोळी देते, आणि बैल घेऊन येणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलांचा, लाकडी बैलांचा. हा विदर्भाचा खास. पुण्याकडच्या माणसाला तान्हा पोळा म्हणजे काय हे अजूनही सांगावे लागते.

यात पूजा आहे, ओवाळणे आहे. ते लपवून धडा शिकवायचा नसतो. आम्ही मुलांना सरळ सांगतो की शेजारचे काका बैलाची पूजा करतात, ती त्यांची श्रद्धा आहे. आपण पूजा फक्त अल्लाहची करतो, म्हणून आपण ती करत नाही. त्यांच्या श्रद्धेला हसायचे नाही आणि आपली झाकायची नाही. एवढे दोन वाक्यांत सांगितले की मुले पुढच्या प्रश्नाला लागतात. अडखळतो तो मोठ्यांचा घसा.

एकदा एक पालक शाळेत आले. साधे, हमाली करणारे गृहस्थ. दाराशी उभे राहूनच म्हणाले, "सर, आमचा पोरगा घरी बैलाची चित्रं काढून राहिला, पूजा-बिजा तर नाही न शिकवून राहिले तुम्ही?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. आम्ही त्यांना बसवले, मुलाची वही समोर ठेवली. वहीत तिफणीचे चित्र होते, तिच्या भागांची नावे होती, आणि बैलाला दिवसाला कुटार किती, ढेप किती, पाणी किती याचा हिशेब होता. त्यांनी सगळे पान वाचले. नंतर म्हणाले, "ढेपेचा भाव चुकला न सर, आता वाढला." भाव दुरुस्त करून घेतला. त्या दिवसापासून आमचा एक नियम आहे. सणाचा धडा सुरू करण्याआधी पालकांना चार ओळींची चिठ्ठी जाते : काय शिकवणार, काय करायला लावणार नाही, आणि शंका असल्यास केव्हा भेटावे.

या नियमाला कायद्याचाही आधार आहे आणि तो पालकांना माहीत असावा. संविधानाच्या अनुच्छेद 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला, पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. ही ढाल सगळ्यांसाठी सारखी आहे, आपल्या मुलासाठी आणि आपल्या संस्थेत शिकणाऱ्या दुसऱ्याच्या मुलासाठीही. पण धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केला. आणि अनुच्छेद 51क मधल्या मूलभूत कर्तव्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे आणि प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणे ही दोन्ही आहेत. पोळ्याचा धडा या दोन कलमांत सहज बसतो.

सजावटीपुरता सण शिकवण्याची अडचण फक्त आपलीच नाही. अमेरिकेतल्या शाळांत 5 मे हा मेक्सिकोचा सण म्हणून शिकवतात. 1862 साली याच तारखेला पुएब्ला शहराजवळ जनरल इग्नासिओ सारागोसा यांच्या मेक्सिकन फौजेने फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या फौजेला हरवले. दिवस खरा मानाचा. पण अमेरिकेत त्याची मोठ्या कडांची टोपी, खोट्या मिशा आणि खाण्यापिण्याची जत्रा होऊन बसली. कित्येक अमेरिकनांना तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन वाटतो, जो असतो 16 सप्टेंबरला. खुद्द मेक्सिकोत 5 मे मुख्यतः पुएब्लाकडे साजरा होतो. तिथल्या जाणत्या शिक्षकांना आता वर्गात सांगावे लागते की टोप्या आणि मिशा बाजूला ठेवा, लढाई कशासाठी झाली ते विचारा. वर्गात कागदी टोपी घालून बसलेले मेक्सिकन घरातले मूल आणि कागदी बैल कापत बसलेले आमच्याकडचे शेतकऱ्याचे मूल, दोघांची गत सारखीच.

त्या 1862 सालाचा वऱ्हाडाशीही संबंध आहे आणि तो सांगितल्यावर सातवी-आठवीची मुले कान टवकारतात. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, 1861 ते 1865. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. भाव चढले, अमरावती, अकोला, खामगावच्या बाजारांना तेजी आली आणि पाठोपाठ रेल्वे आली. पण रेल्वेच्या आधी हा कापूस कोण नेत होते? बैल. लमाणांच्या तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवर लादून अमरावतीचा कापूस थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, सुमारे पाचशे मैल. तिथून नावांनी कलकत्त्याला. 1842 साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलओझी या वाटेने पाठवल्याचे जुन्या गॅझेटियरमध्ये म्हटले आहे. आम्ही फळ्यावर गणित घालतो : तांडा रोज दहा मैल चालला तर मिर्झापूरला किती दिवसांनी पोहोचेल? उत्तर पन्नास येते. मग कुणीतरी हमखास विचारतो, पाऊस आला तर? बैल आजारी पडला तर? परत येताना काय आणत? इथे पोळा हा निबंध राहत नाही, आपल्या गावाचा इतिहास होतो.

आता भाषेचे. आमची मुले घरी जी उर्दू बोलतात ती लखनौची नाही, वऱ्हाडची आहे. ती तशी आहे म्हणून त्यांना कुणी कमी लेखू नये. आणि गंमत म्हणजे पोळ्याच्या शब्दांत आपल्या ओळखीचे शब्द भरपूर. वऱ्हाडात शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात, हा फारसी शब्द. वर्षभराच्या बोलीवर राबणारा सालदार, त्यातला 'साल' फारसी. चाबूक फारसी. बैलाच्या खुराला ठोकतात ती नाल अरबी, आणि ती ठोकणारा नालबंद. मुलांना आम्ही तीन रकाने आखून देतो : पुस्तकी मराठी, वऱ्हाडी, उर्दू. ज्याच्या घरी बैल नाही त्याने शेजारी जाऊन शब्द विचारून आणायचे. एका मुलीने कासरा, मोरकी, वेसण, जोते, शिवळ असे चोवीस शब्द आणले होते. ते तिला सांगणाऱ्या आजीबाईंनी वर तिला गुळपोळी खाऊ घालून पाठवले होते.

त्या नालबंदाचे थोडे सांगायला हवे. वऱ्हाडातल्या बाजारांत बैलाला नाल ठोकणारे बरेचसे आपल्याच समाजातले. पोळ्याच्या आठवडी बाजारात घुंगरमाळा, गोंडे, बेगड विकायला बसलेल्यांतही आपली माणसे असतात. शिवाय मुसलमान कास्तकार आहेतच. आम्ही पाहिलेल्या गावांत त्यांच्या जोड्याही तोरणाखाली येत. ते ओवाळणी करत नसत, पण जोडी धुऊन, सजवून आणत, आणि त्यांची जोडी आली नाही तर गावात चौकशी होई. ही माहिती 'एकता' असे मोठे नाव देऊन सांगू नये असे आम्हाला वाटते. तो रोजचा व्यवहार होता आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे.

बैलाशी कसे वागावे हे मुलांना सांगायला आपल्या दीनमध्ये काही कमी नाही. सूरह नहलमध्ये पाळीव जनावरांचा उल्लेख अल्लाहच्या देणगीसारखा येतो : त्यांची ऊब, सकाळी चरायला जाताना आणि संध्याकाळी परतताना त्यांची शोभा, आणि माणसाला जड जाणाऱ्या वाटेवर त्यांनी वाहिलेली ओझी. प्रेषित मुहम्मद (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले तेव्हा तिथला उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. आपण (स.) त्याच्या मानेवर हात फिरवला आणि मालकाला बोलावून विचारले की या मुक्या जनावराबाबत अल्लाहची भीती वाटत नाही का, हा तक्रार करतो आहे की तू त्याला उपाशी ठेवतोस आणि फार राबवतोस. हा प्रसंग आम्ही खांद शेकण्याच्या वर्णनाला जोडूनच सांगतो. मुले लगेच उंटाच्या जागी बैल बघतात.

या धड्यात एक कोपरा अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणारा शिक्षक मुलांना फसवतो. वर्गात कुरेशी घरांतली मुले असतात. बैलाचे कौतुक चालू झाले की ती खाली बघू लागतात. एका वर्षी दुसऱ्या मुलाने एकाला टोचलेच, आणि टोचणारा आपल्यातलाच होता. वर्ग शांत झाला. आम्ही धडा थांबवला नाही, तिथूनच पुढे नेला. म्हातारा बैल काम करेनासा झाला की कास्तकार काय करतो, हा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि मुलांना दोन दिवस दिले, घरोघर विचारून या म्हटले.

उत्तरे आली ती गाइडमध्ये नव्हती. कुणी म्हणाला, आमच्याकडे मरेपर्यंत ठेवला. कुणी म्हणाला, ज्यांच्याकडे दोन एकर आहे त्यांनी ठेवायचा कसा, कुटाराला पैसे कुठून? एका कास्तकाराने मुलांना सांगितले होते की पूर्वी म्हातारी जोडी बाजारात विकली की त्यात भर घालून नवे गोऱ्हे येत, ते चक्र आता तुटले. मग आम्ही कायदा सांगितला, कुणाची बाजू न घेता. महाराष्ट्रात गायीची कत्तल 1976 च्या कायद्याने बंद होती, मार्च 2015 पासून बैल आणि वळू यांचीही बंद झाली. कायदा आहे, तो पाळायचा. आणि त्या कायद्याने कितीतरी घरांचा पिढीजात धंदा गेला, हेही त्याच वाक्यात सांगायचे. खाटीक, जनावरांचे व्यापारी, चामड्यावाले, यांची मुले काही गुन्हेगारांची मुले नाहीत. ज्या मोटेने जुन्या विहिरींवर पाणी काढत ती मोट चामड्याचीच असे, आणि ती ओढायलाही बैलच. गावाच्या त्या जुन्या साखळीत कास्तकार, चर्मकार, नालबंद, खाटीक सगळे होते. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी आजोबांकडून ऐकून आलेली माहिती वर्गाला दिली : दात बघून बैलाचे वय कसे सांगतात. दुधाचे दात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. वर्गात दुसऱ्या कुणाला हे माहीत नव्हते. पुढे आठवडाभर मुले रस्त्यात दिसेल त्या बैलाच्या तोंडात डोकावत होती, त्याबद्दल दोन तक्रारीही आल्या.

मातीचे बैल करावेत का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. काही घरांत सजीवांच्या आकृती बनवणे पसंत नाही, काही घरांत मुलांच्या खेळण्यांना सूट देतात. उलेमांची मते वेगवेगळी आहेत आणि त्यांचा निवाडा चौथीच्या वर्गात व्हायचा नाही. आम्ही मुलांकडून अवजारे करून घेतो. काड्यांचा वखर, पुठ्ठ्याची तिफण, सुतळीचा कासरा. तिफणीचे तीन फण ओळींत किती अंतर ठेवतात ते पट्टीने मोजून आणायला लावतो. कुणाला हरकत नाही, आणि खरे तर बैल वळण्यापेक्षा तिफण जोडणे कठीण आहे. तीन फण एका रेषेत येता येत नाहीत.

सगळ्यात चांगला तास होतो तो चंद्राचा. पोळा अमावास्येचा, आणि आपला महिना सुरू होतो अमावास्येनंतरच्या पहिल्या चंद्रकोरीने. म्हणजे पोळा नेहमी इस्लामी महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत येणार. मुलांना कॅलेंडर देऊन तपासायला लावले. 2023 साली पोळा 14 सप्टेंबरला, 2024 साली 2 सप्टेंबरला, 2025 साली 22 ऑगस्टला. तिन्ही वेळा सफर संपत आलेला, आणि दोन-तीन दिवसांत रबीउल अव्वलचा चांद. पण 2022 साली मात्र तो मुहर्रमच्या शेवटी होता. एक महिना पुढे कसा सरकला? हे कोडे वर्गाला दोन दिवस पुरले. उत्तर अधिक महिन्यात आहे. 2023 साली अधिक श्रावण आला. हिंदू पंचांगात सुमारे तीन वर्षांनी एक जादा महिना घालून चांद्रवर्ष ऋतूंशी जुळवून घेतात, म्हणून पोळा पावसाळ्यातच राहतो. आपल्या हिजरी सनात तशी भर नाही. वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. एका मुलाने विचारले, मग आपला रमजान कधी पोळ्याच्या वेळी येईल? सगळ्यांनी मिळून आकडेमोड केली. ती मुले तेव्हा तिशीच्या आसपास असतील.

जवळच्या मराठी शाळेतल्या एका सरांनी हे ऐकले. ते भेटायला आले आणि म्हणाले, "तुम्ही पोळा असा शिकवता, मग आम्हाला बकरी ईद कशी शिकवायची ते सांगा. आमची पोरं नुसती शिरखुर्मा म्हणतात, आणि तोही या ईदचा नाही." आम्ही त्यांना तीच वाट सांगितली. बकरा वर्षभर कोण पाळतो, त्याला चारा कोण आणतो, ईदच्या आधी तो मुलांच्या किती अंगवळणी पडतो, मांसाचे तीन वाटे कुणाकुणाला जातात, चामडे कुठे जाते, ते विचारा. कुर्बानी करून दाखवू नका, आणि मुलांना टोप्या घालायला लावू नका. ते हसले. त्यांच्या शाळेत गेल्या वर्षी टोप्या वाटल्या होत्या.

यंदा मुलांनी ठरवले आहे की बाजारातल्या नालबंद चाचांना वर्गात बोलवायचे. बैल आडवा कसा पाडतात, त्याला न दुखवता नाल कशी ठोकतात, एका बैलाला आठ नाला का लागतात, आणि ट्रॅक्टर आल्यापासून दिवसाला किती बैल येतात, असे प्रश्न काढून ठेवले आहेत. आमची दोन मुले निरोप घेऊन गेली होती. चाचा म्हणाले, येतो, पण जुम्याला नको आणि बाजाराच्या दिवशी नको. आणि खुर्ची नको, जमिनीवरच बसतो, हत्यारे मांडायला जागा लागते.